लेखकाचं चरित्र हाती घेताना : ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या वाचकासाठी वाटाड्या

नोकरी, लोकल आणि घराचे हप्ते यांच्या गदारोळात वाचन सुटलं आणि आता पुन्हा काहीतरी वजनदार वाचावंसं वाटतंय, अशी माणसं माझ्या ओळखीत बरीच आहेत. ती ग्रंथालयात येतात आणि कवितासंग्रह किंवा कादंबरीऐवजी लेखकाचं चरित्र उचलतात. कारण सरळ आहे. चरित्रात गोष्ट असते, माणसं असतात, गरिबी आणि भांडणं असतात. कविता कळली नाही तर ओशाळं वाटतं, चरित्राच्या बाबतीत ती धास्ती नाही.

वाट चांगली आहे. मीही याच वाटेने आलो. धोका एवढाच, की चरित्र संपलं की लेखक वाचून झाला असं वाटायला लागतं. मग गडकऱ्यांवर तासभर बोलता येतं आणि ‘एकच प्याला’ उघडलेलंही नसतं. चरित्राने आपल्याला लेखकाच्या पुस्तकापाशी परत आणून सोडलं पाहिजे, नाहीतर तो निव्वळ दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचा उद्योग. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

आधी जमवायचं सामान

- ग्रंथालयाच्या सभासदत्वासाठी आधार कार्ड, राहत्या पत्त्याचा पुरावा (भाड्याने राहत असाल तर भाडेकरार), दोन पासपोर्ट साइज फोटो, अनामत रक्कम आणि पहिली वर्गणी
- एक दोनशे पानी वही
- पेन्सिल, पण ती वहीत लिहायला. ग्रंथालयाच्या पुस्तकावर खुणा करायच्या नाहीत
- एक मराठी शब्दकोश. मोबाइलवरचाही चालेल, पण तो उघडताना व्हॉट्सअ‍ॅप उघडणार नसेल तरच
- दिवसाला अर्धा तास. ठाण्याहून वाशीला ट्रान्स हार्बरने जाणाऱ्याला तो आयताच मिळतो, उभं राहायला लागलं तरी

## १. पुस्तक नंतर, आधी लेखक ठरवा

‘मराठीतली सर्वोत्तम चरित्रं’ अशा याद्या शोधू नका. ज्या लेखकाची एखादी ओळ आधीपासून डोक्यात अडकलेली आहे, तो घ्या. बहुतेकांना शाळेतली एक तरी कविता अर्धीमुर्धी पाठ असते. ‘क्षणोक्षणी पडे, उठे, परि बळे, उडे बापडी’ आठवतंय? मग ना. वा. टिळक. ‘ऐल तटावर पैल तटावर’ आठवतंय? मग बालकवी.

काहीच आठवत नसेल तर गावातून सुरुवात करा. तलावपाळीच्या काठावर ज्यांच्या नावाचं रंगायतन आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांचं आपण नेमकं काय वाचलंय, हे तिथे नाटक बघून बाहेर पडणाऱ्यांना विचारून बघा. गडकरी १८८५ साली जन्मले आणि जानेवारी १९१९ मध्ये गेले. चौतिशीही पूर्ण झाली नाही. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, आणि त्यातली पदं त्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. एवढी माहिती कळल्यावर नाटक उघडावंसं वाटलं, तर तुमचा लेखक ठरला. ‘असं होय’ म्हणून पान उलटलं, तर दुसरा शोधा. नारायण सुर्वे चालतील. गिरणगावातला हा कवी २०१० साली ठाण्यात वारला, आणि त्यांची कविता वाचायला कुठलीही पूर्वतयारी लागत नाही.

एका वेळी एकच लेखक. तीन-तीन जण घेऊन बसलात तर एकही लक्षात राहणार नाही.

## २. ग्रंथालयाचं काम उरकून टाका

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, म्हणजे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाहूनही पाच वर्षांनी जुनं. त्याच्या स्थापनेत पुढाकार होता विनायक लक्ष्मण भावे यांचा. हेच भावे ‘महाराष्ट्र सारस्वत’चे कर्ते. जुन्या मराठी कवींची माहिती धुंडाळून जुळवण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली. तेव्हा साहित्यिकांची चरित्रं वाचायला ठाणेकराला याहून योग्य जागा मिळणार नाही. नवी मुंबईकरांना महापालिकेची वाचनालयं आहेत. वाशीच्या साहित्य मंदिरातले कार्यक्रमही अधूनमधून बघत जा, कारण वाचणारी माणसं तिथे भेटतात.

वर्गणी, अनामत आणि साप्ताहिक सुट्टी या गोष्टी बदलत असतात. जाण्याआधी फोन करा. खिडकीवर एवढं विचारून घ्या : एका वेळी किती पुस्तकं मिळतात, मासिकं आणि दिवाळी अंक वेगळ्या वर्गणीवर आहेत का, मुदत फोनवरून वाढवता येते का.

आता दोन गोष्टी, ज्यांत नवखा हमखास अडकतो.

पहिली : हवं ते पुस्तक देवघेव विभागात नसलं म्हणजे ग्रंथालयातच नाही असं समजू नका. जुनी चरित्रं, गौरवग्रंथ, मासिकांचे विशेषांक बऱ्याचदा संदर्भ विभागात असतात. ती घरी मिळत नाहीत, पण तिथे बसून वाचता येतात. त्यासाठी शनिवारची सकाळ ठेवा.

दुसरी : टोपणनावं. आपण ‘केशवसुत’ शोधतो आणि सूचीत नोंद असते ‘दामले, कृष्णाजी केशव’. एकाच माणसाची पुस्तकं दोन नावांखाली, दोन कपाटांतही विभागलेली असू शकतात. गडकऱ्यांची कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने. आरती प्रभूंची कविता घ्यायची तर त्या नावाने, पण कादंबऱ्या चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. वहीच्या पहिल्या पानावर आपल्या लेखकाची सगळी नावं लिहून ठेवा आणि शोधताना प्रत्येक नावाने शोधा. देवघेवीच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्यांना हे सगळं तोंडपाठ असतं. संकोच न करता विचारा.

घरबसल्या वाचायचं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोशही त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचता येतो. लेखकाची ओळख करून घ्यायला विश्वकोशातली नोंद पुरेशी असते, आणि ती गप्पांवर विसंबलेली नसते.

## ३. आधी लेखन, मग आयुष्य

हा क्रम पाळाच. चरित्राचं पहिलं पान उघडण्याआधी त्या लेखकाचं थोडं का होईना लेखन वाचा. कवी असेल तर आठ-दहा कविता, कथाकार असेल तर दोन-तीन कथा, नाटककार असेल तर एक अख्खं नाटक. कळलं नाही तरी चालेल. काय कळलं नाही तेच वहीत लिहा, जसं मनात आलं तसं.

चरित्र एकदा वाचलं की ते पुसता येत नाही. लेखक कसा मेला, कुणाशी भांडला, कशाने कफल्लक झाला हे कळल्यावर त्याची प्रत्येक ओळ त्याच उजेडात दिसायला लागते. त्याआधीची आपली कोरी नजर एकदाच मिळते, म्हणून ती आधी वापरून घ्या.

या नियमाला मराठीत एक मोठा अपवाद आहे. आपल्याकडे आत्मचरित्र हीच कितीदा लेखकाची सर्वांत मोठी कृती असते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०), ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’. इथे आधी आणि नंतर असं काही नाही. ही पुस्तकं आयुष्याची माहिती म्हणून वाचलीत तर त्यातलं निम्मं हातून निसटेल. ती साहित्य म्हणूनच वाचा, हळूहळू.

## ४. हातातल्या चरित्राची जात ओळखा

पुस्तक घरी नेण्याआधी उभ्या उभ्या प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि शेवटची काही पानं चाळा. कुणी लिहिलंय, लेखकाशी त्याचं नातं काय, पत्रं-कागदपत्रं पाहिली आहेत का, शेवटी जीवनपट आणि नामसूची आहे का. पाच मिनिटांत अंदाज येतो.

जोडीदाराने लिहिलेलं पुस्तक घरातला माणूस दाखवतं, जो इतर कुणालाच दिसलेला नसतो. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) आलं तेव्हा पु. लं.च्या चाहत्यांत केवढी खळबळ झाली होती, हे त्या पिढीला आठवत असेल. मात्र ते पु. लं.चं चरित्र नाही, सुनीताबाईंचं स्वतःचं लेखन आहे. पुलंविषयीचा पुरावा म्हणून ते वाचणाऱ्यांनी त्या बाईवर अन्यायच केला, असं माझं मत.

मुलाखतीतून उभं राहिलेलं पुस्तक नवख्याला सगळ्यांत सोपं. प्रतिभा रानडे यांनी दुर्गा भागवतांशी मारलेल्या गप्पांचं ‘ऐसपैस गप्पा दुर्गाबाईंशी’ घ्या. बोलणं ऐकल्यासारखं वाचता येतं.

पत्रं हा तर खजिना. जी. ए. कुलकर्णींसारखा माणसांपासून लांब राहणारा कथाकार पत्रांत किती मोकळा होतो, ते त्यांच्या निवडक पत्रांचे खंड वाचून कळतं. पण आधी ‘काजळमाया’तल्या दोन कथा वाचलेल्या असू द्या.

गौरवग्रंथ आणि षष्ट्यब्दीचे अंक तारखांसाठी वापरा, मतांसाठी नको. सत्काराच्या व्यासपीठावर कुणी खरं बोलत नसतं.

चरित्रात्मक कादंबरी ही कादंबरीच. दि. बा. मोकाशी यांची ‘आनंदओवरी’ तुकारामांचा भाऊ कान्हा याच्या तोंडून सांगितलेली आहे. अप्रतिम पुस्तक आहे, जरूर वाचा. पण त्यातलं संभाषण उद्या कुणाला ‘तुकाराम असं म्हणाले होते’ म्हणून सांगू नका.

ज्यांना जाडजूड ग्रंथाची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी साहित्य अकादमीची ‘भारतीय साहित्याचे निर्माते’ ही मालिका आहे. पुस्तिका लहान, साधारण शंभर पानांच्या आसपास, आणि किंमत खिशाला परवडणारी. अकादमीचं मुंबई कार्यालय दादरला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मार्गावर आहे. ठाण्याहून जलद गाडीने सोपं पडतं.

## ५. वहीत दोन रकाने आखा

डाव्या रकान्यात लेखकाच्या आयुष्यातलं साल आणि घटना. उजव्या रकान्यात त्याच सुमाराला प्रसिद्ध झालेलं लेखन. बाकी काही टिपू नका. सुंदर वाक्यं उतरवून काढण्यात वेळ फार जातो आणि ती वही पुन्हा कुणी उघडत नाही.

कवी बा. सी. मर्ढेकरांचं उदाहरण घ्या. १९०९ साली जन्म. विशीत असताना इंग्लंडला, पुढे आकाशवाणीत नोकरी. १९३९ साली ‘शिशिरागम’, १९४७ साली ‘काही कविता’, त्यावर अश्लीलतेचा खटला आणि त्यातून निर्दोष सुटका, १९५६ साली मृत्यू. आता उजव्या रकान्यातले दोन संग्रह शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात मागच्या पिढीच्या कवींचा ओळखीचा सूर ऐकू येतो. दुसऱ्यात ‘पिपात मेले ओल्या उंदिर’. मधल्या आठ वर्षांत काय झालं? डाव्या रकान्यात महायुद्ध लिहिता येईल, मुंबई लिहिता येईल, पण त्यातून ती कविता ‘सुटत’ नाही. तरीसुद्धा प्रश्न नेमका झालेला असतो : हा माणूस एवढा बदलला, तर त्याची भाषा कुठे कुठे मोडली? त्या शोधात तुम्ही कविता तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वाचता. रकाने आखायचे ते एवढ्यासाठी.

## ६. एक साखळी : टिळक, लक्ष्मीबाई, बालकवी

कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर मी ही साखळी सांगतो, कारण तिच्यात एका पुस्तकातून तीन लेखक मिळतात.

आधी ना. वा. टिळकांच्या पाच-सहा कविता वाचा. ‘केवढे हे क्रौर्य!’ असेलच. मग ‘स्मृतिचित्रे’. घेताना आवृत्ती बघून घ्या. या पुस्तकाच्या संक्षिप्त आवृत्त्याही आहेत, तेव्हा शक्यतो पूर्ण आवृत्तीच मागा. लक्ष्मीबाईंचं शाळेतलं शिक्षण नव्हतं. लग्न झालं तेव्हा त्या लहान मुलगीच होत्या. वडिलांचं टोकाचं सोवळं, नवऱ्याचा तापट आणि उधळा स्वभाव, मग १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट आणि काही वर्षांनी पुन्हा एकत्र येणं, हे सगळं त्या बोलल्यासारखं लिहितात. जिथे दुसरा कुणी रडला असता तिथे या बाई हसवतात. घाई करू नका. ट्रेनमध्ये एका वेळी एखादं प्रकरण पुरे.

पुस्तक संपल्यावर टिळकांच्या त्याच पाच-सहा कविता पुन्हा वाचा. आता त्या कवितांतला हळवा माणूस आणि घरातला तापट माणूस, दोघे एकदम दिसतील. कुठलाही एक खरा आणि दुसरा खोटा, असा निकाल द्यायची घाई होईल. ती आवरा. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं आणि ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं, ही गोष्टही इथे वहीत टाका.

‘स्मृतिचित्रे’त ठोंबरे नावाचा एक मुलगा टिळकांच्या घरात वावरताना दिसेल. तेच बालकवी. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांचं ‘बालकवी’ हे नाव पडलं. लक्ष्मीबाईंच्या पानांतला तो लहरी पोरगा भेटला की लगेच बालकवींच्या निसर्गकविता काढा. फुलराणी, औदुंबर, श्रावणमास. शाळेत पाठ करून पार झिजलेल्या या कविता आता वेगळ्या ऐकू येतात.

साखळीतले तिघेही लेखक जाऊन साठाहून अधिक वर्षं झाली, त्यामुळे त्यांचं लेखन प्रताधिकारमुक्त आहे. म्हणजे पुस्तक स्वस्तात किंवा फुकट मिळू शकतं. त्याचा तोटाही आहे : कुणीही कशीही छापतो. शुद्धलेखनाच्या चुका आणि गाळलेल्या ओळी दिसल्या तर ती प्रत सोडून द्या.

## ७. सापळे

मरण मागे ओढणं. बालकवी १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. हे कळलं की ‘औदुंबर’मधल्या ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’ या ओळीत मृत्यूची चाहूल शोधण्याचा मोह होतोच. कविता लिहिताना कवीला स्वतःचं मरण माहीत नव्हतं, ते आपल्याला माहीत आहे. कवितेत उदासी असेल तर ती शब्दांतून दाखवता आली पाहिजे. पहिल्या ओळीतली हिरवाळी, मग निळासावळा झरा, मग काळा डोह, असे रंग कसे गडद होत जातात ते बघा. अपघाताची बातमी न आणताही ती उदासी तिथे आहे.

‘मी’ म्हणजे लेखक समजणं. ‘बलुतं’ची सुरुवात आठवा. तिथे शिकलेला दया पवार आणि गावातला दगडू मारुती पवार अशी एकाच माणसाची दोन रूपं समोरासमोर येतात. आत्मचरित्रातसुद्धा ‘मी’ इतका सरळ नसतो, तर कवितेत आणि कथेत कसा असेल? कथेतल्या दारुड्यावरून लेखक पीत होता का, याची चौकशी करणारा वाचक कथा वाचतच नसतो.

किस्से. मराठी माणसाला लेखकांचे किस्से फार प्रिय, मलाही आहेत. पण तोच विनोद अत्र्यांच्या नावावरही ऐकायला मिळतो आणि पुलंच्याही. फॉरवर्ड होऊन आलेली ‘कुसुमाग्रजांची कविता’ त्यांच्या एकाही संग्रहात सापडत नाही. कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर, हे सांगता येत नसेल तर पुढे पाठवू नका.

चारित्र्याचा निवाडा. चरित्र वाचताना लेखकाचं वागणं आवडलं नाही म्हणून पुस्तक बंद करावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. बंद करायचं तर करा, तुमचा हक्क आहे. फक्त चरित्रकाराच्या रागाला आपला राग समजू नका. घटना कुठली आणि त्यावरचं भाष्य कुठलं, हे वेगळं करून बघा आणि मग ठरवा.

## ८. परत मूळ पुस्तकाकडे या, आणि काही वर्षांनी पुन्हा

चरित्र संपल्यावर आठवडाभराच्या आत तिसऱ्या पायरीतलं लेखन पुन्हा वाचा. सुरुवातीला वहीत लिहिलेले न कळलेले मुद्दे काढा. काही सुटलेले असतील, काही आणखी अवघड झालेले असतील. दुसऱ्या प्रकारचे जपून ठेवा.

गंभीर साहित्य कशाला वाचायचं, याला मोठमोठी उत्तरं दिली जातात. माणूस सुसंस्कृत होतो वगैरे. मला त्याची खात्री नाही. भरपूर वाचलेली आणि तरीही खडूस अशी माणसं ठाण्यात कमी नाहीत. मला पटलेलं कारण याहून साधं आहे. अशी पुस्तकं पुन्हा वाचता येतात. विशीत ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण लक्ष्मीबाईंच्या बाजूने टिळकांवर चिडतो. मुलंबाळं झाल्यावर तेच पुस्तक वाचताना त्या घरातल्या पैशांचे हिशेब डोळ्यांत भरतात. आईवडील गेल्यावर आणखी तिसरंच काही. पुस्तकातलं अक्षरही बदललेलं नसतं. बहुतेक पुस्तकं एका वाचनात संपतात, ही संपत नाहीत, म्हणून त्यांवर वेळ घालवायचा. चरित्राचा उपयोगही इथेच होतो : पुन्हा वाचायला ते एक निमित्त देतं.

## ९. सोबत हवी असेल तर

चार-पाच माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की भाषणं सुरू होतात. सोसायटीच्या ऑफिसात किंवा कुणाच्या घरी महिन्यातून एकदा बसा. एकाने चरित्रातला भाग सांगायचा, बाकीच्यांनी लेखकाचं लेखन मोठ्याने वाचायचं, आणि वाचनाला चर्चेपेक्षा जास्त वेळ द्यायचा. एकच प्रत फिरवण्याऐवजी प्रत्येकाने आपापल्या ग्रंथालयातून प्रत घ्यावी. ठाण्यातल्याला एक आवृत्ती मिळते, नेरुळच्याला दुसरी, आणि दोन आवृत्त्यांच्या प्रस्तावना शेजारी ठेवल्या की बोलायला विषय आपोआप मिळतो. चहा वाचनानंतर ठेवा, आधी नको.

पुढच्या लेखकाचं नाव त्याच बैठकीत ठरवून घ्या, आणि हातातलं पुस्तक मुदतीच्या आत परत करा. ‘स्मृतिचित्रे’च्या पूर्ण आवृत्तीसाठी तुमच्यामागे आणखी कुणीतरी नंबर लावलेला असू शकतो.